रीतसर चौकशी आणि नवी लोकशाही



आमच्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर बोलावून चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत, कामगारांच्या वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. इंग्रजी आम्ही मांडीवर कोश घेऊन शिकलो, कारण आमच्या सभासदांच्या हाती पडणारी आरोपपत्रे इंग्रजीत असत आणि ती वाचून दाखवायला कोणी नसे. तेव्हा आजच्या विषयावर कायदेपंडित जसे बोलला असता तसे आमच्याकडून होणार नाही. कारखान्याच्या फाटकातून हा विषय जसा दिसतो तसा तो आम्ही मांडणार आहोत. तो गोड मानून घ्यावा.

कारखान्यात रात्रपाळीला एखादा कामगार झोपलेला सापडला, असे मुकादम म्हणतो. आता पुढे काय व्हावे? त्या कामगाराला आरोप लेखी कळवावा. उत्तराला मुदत द्यावी. मुकादमाने आपली साक्ष त्याच्या समोर द्यावी आणि कामगाराला त्याची उलटतपासणी घेता यावी. सोबत एखादा सहकारी बसू द्यावा. ज्याने आरोप केला त्यानेच निकाल देऊ नये. आणि निकाल द्यायचा तो कारणे लिहून द्यावा. आम्ही याला साध्या भाषेत रीतसर चौकशी म्हणतो. एवढीशी गोष्ट! पण ती मिळावी म्हणून कामगारांच्या दोन-तीन पिढ्या झगडल्या आहेत. आणि अजूनही कित्येक ठिकाणी चौकशी सुरू होण्यापूर्वीच निकालाचे पत्र टंकलिखित होऊन खणात पडलेले असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

देशाच्या कारभारातही हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत येते. आपली घटना तयार होत होती तेव्हा फाळणीचा रक्तपात ताजा होता. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेताना नुसती कायद्याने ठरवून दिलेली पद्धत पाळली म्हणजे पुरे, की ती पद्धत स्वतः न्याय्य असली पाहिजे, यावर घटना समितीत बराच खल झाला. अखेर पहिले, म्हणजे तोकडे शब्द अनुच्छेद २१ मध्ये राहिले. ती उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी एक अनुच्छेद आणला. अटकेचे कारण सांगावे, वकील करू द्यावा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, या हमी त्याने दिल्या. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा मिळाली! पद्धत न्याय्य असली पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ म्हणायला १९७८ साल उजाडले. हा आमच्या घरचा इतिहास. तो सांगू लागलो तर सभागृहात दोन तट पडतील. म्हणून आज आम्ही दूरचे घर निवडले आहे, दक्षिण आफ्रिका. मात्र तिकडे निघण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यामुळेच आम्ही या वाचनाच्या नादी लागलो.

१९९६ सालचा पावसाळा. एका कारखान्यात टाळेबंदी होती आणि आम्ही तिथे संघटनेचे सहचिटणीस होतो. वय सव्वीस, आवाज मोठा. रात्री लढा समितीत ठरलेली गोष्ट सकाळी व्यवस्थापकाच्या टेबलावर असे. कोणीतरी फितूर होते हे उघड होते. संशय स्टोअरमधल्या एका गृहस्थांवर आला. त्यांना संध्याकाळच्या वेळी दोनदा व्यवस्थापकाच्या बंगल्यातून बाहेर पडताना पाहिले होते. फाटकावरच्या सभेत कोणीतरी त्यांचे नाव घेतले आणि गलका झाला. ध्वनिक्षेपक आमच्या हातात होता. ते गृहस्थ पुढे आले, काहीतरी सांगू लागले. आम्ही त्यांना म्हटले, "नंतर." आणि सभेला म्हटले, "ज्यांना हा माणूस संघटनेत नको असेल त्यांनी हात वर करा." चारशे हात वर झाले. लढा निधीतून मिळणारे धान्य त्या दिवसापासून त्यांच्या घरी बंद झाले. त्यांचे पुढे काय झाले ते ओघाने येईल.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन शहरी सत्यशोधन व समेट आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या होत्या. आम्हांला ते नंतर कळले, वाचनालयातल्या जुन्या अंकांतून.

वर्णभेदाच्या राज्यात कायदा नव्हता असे कोणी समजू नये. कायदा तिथे भरपूर होता. काळ्या माणसाने खिशात पास बाळगला नाही तर त्याचा गुन्हा नोंदवणारे न्यायालय होते, तिथे कारकून होते, रजिस्टरे होती. १९६३ साली कायदा झाला की पोलिसांनी खटल्याविना ९० दिवस कोंडून ठेवावे. १९६५ साली त्याचे १८० दिवस झाले. १९६७ सालच्या दहशतवाद कायद्याने मुदतच काढून टाकली. हे सर्व संसदेत रीतसर मंजूर झालेले होते. कामगार माणूस हे चटकन ओळखतो. त्यालाही पुष्कळदा सर्व कागद बिनचूक असलेली अन्यायाची फाईल मिळालेली असते.

नील अ‍ॅगेट या तरुण डॉक्टरचे उदाहरण आम्ही घेतो, कारण तो आमच्या व्यवसायातला. वर्णाने गोरा, पण अन्नप्रक्रिया कामगारांच्या संघटनेत काळ्या कामगारांबरोबर काम करीत असे. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्याला पकडले. सत्तर दिवस कोंडून ठेवले आणि ५ फेब्रुवारी १९८२ रोजी जोहान्सबर्गच्या जॉन व्हॉर्स्टर स्क्वेअर या पोलीस ठाण्यात तो कोठडीत लटकलेला आढळला. वय अठ्ठावीस. त्या आठवड्यात हजारो कामगारांनी अर्धा तास यंत्रे बंद ठेवली. मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, वकील उभे राहिले, साक्षी झाल्या, आणि दंडाधिकाऱ्याने निकाल दिला की आत्महत्या; दोष कोणाचाही नाही. चौकशीचा सांगाडा असा साग्रसंगीत होता. न्यायासनावर बसलेला माणूस मात्र कोठडीवाल्यांच्याच बाजूचा होता.

अशा राज्याखाली भरडलेली माणसे सत्तेवर येतात तेव्हा त्यांनी काय करावे, हा आजचा खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली, नेल्सन मंडेला सुटले, वाटाघाटी सुरू झाल्या. पण त्या चार वर्षांत रक्त वाहायचे थांबले नाही. हजारो माणसे मेली. आणि १० एप्रिल १९९३ रोजी ख्रिस हानी यांचा खून झाला.

हानी हे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस आणि लढ्याच्या सशस्त्र दलाचे माजी प्रमुख. वस्त्यांमधल्या तरुणांना मंडेलांच्या खालोखाल त्यांचाच आधार वाटे. ईस्टरच्या सुटीतला शनिवार, ते घरी परतले आणि फाटकातच त्यांना गोळ्या घातल्या. मारणारा यानुश वालुश, पोलंडहून येऊन स्थायिक झालेला. पिस्तूल पुरवणारा क्लाइव्ह डर्बी-लुइस, उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पुढारी. शेजारच्या एका गोऱ्या, आफ्रिकानर बाईने मोटारीचा नंबर लक्षात ठेवून पोलिसांना कळवला, म्हणून वालुश तासाभराच्या आत सापडला. देश पेटण्याच्या बेतात होता. त्या रात्री मंडेला दूरचित्रवाणीवर बोलले ते मुख्यतः त्या बाईविषयी आणि शांततेविषयी.

आम्ही त्या दिवसाचे वर्णन प्रथम वाचले तेव्हा आमच्या मनात जे आले ते प्रामाणिकपणे सांगतो. पिस्तूल मोटारीत सापडले, माणूस सापडला. आता आणखी खटला कसला? पण खटला झाला. डर्बी-लुइसच्या पत्नीवरही तो होता. तिच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून ती निर्दोष सुटली. वस्त्यांमधून काय संताप उठला असेल याची कल्पना करा! बाकी दोघांना ऑक्टोबर १९९३ मध्ये फाशीची शिक्षा झाली.

फाशी मात्र झाली नाही. एप्रिल १९९४ मध्ये निवडणूक होऊन मंडेला अध्यक्ष झाले. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांच्या हस्ते नव्या घटना न्यायालयाचे उद्घाटन झाले. पूर्वी आपण न्यायालयात उभे होतो ते फाशी होते की काय हे ऐकण्यासाठी, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले. न्यायालयाचे अध्यक्ष होते आर्थर चॅस्कलसन, रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या बचावाला उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक. आणि दुसऱ्याच दिवशी पहिले प्रकरण सुनावणीला आले ते फाशीचे. अर्जदार मक्वान्याने आणि त्याचा साथीदार हे काही स्वातंत्र्यसैनिक नव्हते. दरोड्यात चार खून केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. ६ जून १९९५ रोजी अकराही न्यायाधीशांनी एकमताने फाशी घटनाबाह्य ठरवली. लोकमत फाशीच्या बाजूने आहे असे गृहीत धरूनही न्यायालयाने ते केले. लोकमतावरच निकाल द्यायचा असेल तर न्यायालयाचे प्रयोजन उरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या निकालाने हानींच्या मारेकऱ्यांचेही प्राण वाचले आणि त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आली.

आम्हांला पुष्कळ जण विचारतात, हा दुबळेपणा नव्हे काय? आमचे मत असे आहे. नवे राज्य आपल्या माणसांशी चांगले वागते याची परीक्षा घ्यावी लागत नाही. जुनेही तेच करीत होते. परीक्षा असते ती राज्य ज्याचा मनापासून द्वेष करते त्याच्या प्रकरणात. त्यातही एक मेख आहे, ती अशी की ही परीक्षा फक्त एकदा देऊन भागत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये वेस्टर्न केप प्रांताने खुद्द राष्ट्राध्यक्षांविरुद्ध दावा जिंकला. स्थानिक निवडणुकांच्या कायद्यात मंडेलांनी फर्मानाने बदल केले होते, ते न्यायालयाने रद्द केले. कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने असा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, असे सांगितले. त्या प्रांतात राज्य कोणाचे होते? वर्णभेद ज्यांनी आणला त्याच नॅशनल पक्षाचे. मंडेलांनी निकाल जाहीरपणे मान्य केला. अशा वेळी सभेत "न्यायाधीश विकले गेले" असे ओरडणे किती सोपे असते, ते आमच्याइतके कोणाला ठाऊक?

आता सत्यशोधन आयोगाकडे वळतो. तिथे गोष्ट अवघड होते. आर्चबिशप डेस्मंड टूटू अध्यक्ष होते आणि सुमारे एकवीस हजार पीडितांनी आपली हकिकत आयोगाला दिली. सौदा असा होता : राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याचे संपूर्ण सत्य जो सांगेल त्याला माफी, फौजदारीही नाही आणि भरपाईचा दावाही नाही. स्टीव्ह बिको १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात असताना मारले गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी या माफीला घटना न्यायालयात आव्हान दिले. त्यांचे म्हणणे खरे पाहता साधे होते. आमचा तंटा न्यायालयापुढे नेण्याचा हक्क घटनेने दिला आहे, तो तुम्ही कसा काढून घेता? जुलै १९९६ मध्ये न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. माफीचे आश्वासन नसते तर सत्तांतर शांततेने झालेच नसते, हे त्यामागचे मुख्य कारण. आम्ही हा निकाल अनेकदा वाचला आहे. त्यातला तर्क आम्हांला पटतो, आणि त्या कुटुंबाच्या बाजूला उभे राहून वाचला की पटत नाही. रीतसर न्याय म्हणजे केवळ आरोपीचे संरक्षण, अशी समजूत आहे. ज्याचे माणूस गेले त्याचेही रीतसर ऐकले जाणे त्यात येते. तिकडे आरोपीच्या हक्काची जितकी काळजी घेतली गेली तितकी या दुसऱ्या हक्काची घेतली गेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण सौद्याची दुसरी बाजू अशी होती की जे माफी मागणार नाहीत किंवा खोटे बोलतील त्यांच्यावर खटले भरायचे. सात हजारांवर अर्ज आले, बहुसंख्य फेटाळले गेले. हानींच्या मारेकऱ्यांनीही अर्ज केला होता. संपूर्ण सत्य सांगितले नाही म्हणून १९९९ साली तो फेटाळला गेला. ते दोघे तुरुंगात तरी होते. बाहेर असलेल्यांपैकी फारच थोड्यांवर खटले उभे राहिले. फायली पडून राहिल्या, साक्षीदार म्हातारे झाले, आरोपी अंथरुणात मेले. नील अ‍ॅगेटच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडली २०२० साली. सुरक्षा पोलिसांनी त्याला मारले असा निकाल आला मार्च २०२२ मध्ये. मृत्यूला चाळीस वर्षे होऊन गेली होती. हे खटले वरून दडपले गेले काय, याची चौकशी करायला २०२५ साली आयोग नेमावा लागला.

आणि आपल्या पक्षाचे काय? लढ्याच्या काळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अंगोलातल्या छावण्यांत, फितूर असल्याच्या संशयावरून स्वतःच्याच कार्यकर्त्यांचा छळ झाला, काहींना ठार मारले गेले. आयोगाने हे ऑक्टोबर १९९८ च्या अहवालात लिहिले. अहवाल निघू नये म्हणून पक्ष न्यायालयात धावला, आणि हरला. टूटूंनी अहवाल सुपूर्द केला आणि मंडेलांनी तो स्वीकारला. त्या छावण्यांचा मजकूर वाचताना आमच्या डोळ्यांपुढे अंगोला नव्हता, आमचेच कारखान्याचे फाटक होते. शत्रू दाराशी आहे, वेळ नाही, चौकशी कसली करता? हेच शब्द आम्ही वापरले होते.

घटना न्यायालयाची इमारत पाहण्याचा योग आम्हांला आलेला नाही, चित्रे पाहिली आहेत. जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्याच्या तुरुंगाच्या जागी ती उभी आहे. त्या किल्ल्यात १९०८ साली गांधीजी कैदी होते, पुढे मंडेला होते. खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांची बराक पाडली आणि तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या.

पण सामान्य माणसाचा संबंध घटना न्यायालयाशी कितीसा येतो? त्याचा संबंध येतो कामावरून कमी केल्याच्या चिठ्ठीशी. म्हणून आम्हांला तिथला सर्वांत महत्त्वाचा कायदा वाटतो तो १९९५ सालचा कामगारसंबंध कायदा. कामावरून काढताना कारण न्याय्य हवे आणि पद्धतही न्याय्य हवी, असे त्याने सांगितले. सलोखा आणि लवाद यांसाठी एक स्वतंत्र आयोग नेमला. काढलेल्या कामगाराने तीस दिवसांत एक अर्ज भरायचा, फी नाही, गैरवर्तनाच्या प्रकरणात सहसा वकिलाचीही गरज नाही. आमच्याकडे कामगार न्यायालयात तारखा पडता पडता कामगार निवृत्तीच्या वयाला पोहोचतो, हे या सभागृहातल्या कित्येकांनी भोगले आहे. तिकडेही सगळे आलबेल आहे असे नव्हे; प्रकरणांचा ढीग तिथेही आहे. पण ज्या खाणकामगारांना १९८७ च्या संपानंतर सुमारे पन्नास हजारांच्या संख्येने एका झटक्यात काढून टाकले होते, त्यांच्या मुलांना निदान "कारण सांगा" असे विचारण्याची जागा मिळाली.

त्याच खाणकामगारांवर १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना येथे पोलिसांनी गोळीबार केला. प्लॅटिनमच्या खाणीतला संप. चौतीस कामगार मेले. राज्य कोणाचे? त्यांच्या स्वतःच्या मतांनी निवडलेले. आणि नंतर जे घडले ते ऐकून आम्ही थक्क झालो. अटक केलेल्या २७० कामगारांवरच खुनाचा आरोप ठेवला गेला, त्यांच्याच चौतीस साथीदारांच्या खुनाचा! समान उद्देशाचा जुना सिद्धांत, जो वर्णभेदाच्या काळात लढ्यातल्या लोकांवर चालवला जाई, तो सरकारी वकिलांनी कपाटातून काढला. देशभर ओरड झाली, काही दिवसांत आरोप मागे घ्यावे लागले. घटनेत खटल्याविना कोंडून न ठेवण्याचा हक्क आहे, न्याय्य खटल्याचे कलम चांगले लांबलचक आहे. १० डिसेंबर १९९६ रोजी मंडेलांनी तिच्यावर सही केली ती शार्पव्हिलला जाऊन, जिथे १९६० साली पोलिसांनी ६९ माणसे मारली होती. एवढे करूनही पोलिसाचा हात आणि वकिलाचे कपाट जुनेच राहिले होते.

आता वालुशचे शेवटचे सांगतो. पॅरोलला पात्र होऊनही मंत्री त्याला सोडीनात. २१ नोव्हेंबर २०२२ रोजी घटना न्यायालयाने त्याला दहा दिवसांत पॅरोलवर सोडण्याचा आदेश दिला. जो नियम इतर कैद्यांना, तोच त्याला. हानींच्या पत्नी लिम्फो हानी न्यायालयाबाहेर अत्यंत संतापाने बोलल्या. तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने निषेध केला. सुटकेपूर्वी तुरुंगात एका कैद्याने वालुशला भोसकले. तो वाचला, सुटला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला पोलंडला पाठवून दिले. आम्ही तिथे असतो तर निषेधाच्या मोर्चात गेलो असतो, आणि निकाल बरोबर आहे असेही म्हटले असते. या दोन गोष्टी एका माणसात मावत नाहीत असे कोणास वाटले तर आमचा इलाज नाही.

त्या स्टोअरमधल्या गृहस्थांची हकिकत राहिली. १९९९ साली कामगार न्यायालयात व्यवस्थापनाला काही वह्या हजर कराव्या लागल्या, त्यांत पैसे कोणाला पोचत होते ते निघाले. माणूस दुसराच होता, लढा समितीतला. स्टोअरमधल्या गृहस्थांची पत्नी त्या बंगल्यावर स्वयंपाकाला जाई आणि ते तिला आणायला जात, एवढेच काय ते. तोवर ते नोकरी सोडून गावी गेले होते. कार्यकारिणीने ठराव रद्द केला, दिलगिरीचा नवा ठराव केला आणि तो घेऊन आम्ही एस.टी.ने त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"भाऊ, माझ्यावर आरोप काय होता ते यात नाही," ते म्हणाले.

आम्ही सांगितले, फितुरीचा. "तेव्हा लिहून दिला असतात तर उत्तर दिलं असतं," एवढे बोलून त्यांनी आत चहा सांगितला. आमच्याशी ते आणखी काही बोलले नाहीत.

त्या वर्षी आमच्या संघटनेच्या नियमावलीत दुरुस्ती झाली. सभासदाला काढायचे तर लेखी आरोप, सात दिवसांची मुदत, सुनावणी, आणि आरोप करणारा निर्णयाला बसणार नाही. त्यानंतर कैक वेळा हा नियम वापरावा लागला. काही जण सुटले, काहींना काढले. सध्याही एक प्रकरण आहे. सभासदांची वर्गणी खाल्ल्याचा आरोप, पुरावा आम्हांला तरी पक्का दिसतो, आणि सभासद इतके चिडलेले आहेत की सुनावणी कशाला हवी, असे कालच चार जणांनी आम्हांला दूरध्वनीवर विचारले. त्या माणसाने आपली बाजू मांडायला आमच्या कट्टर विरोधी गटातला एक वाकबगार गृहस्थ मागितला आहे, आणि तो त्याला दिला आहे. सुनावणी उद्या सकाळी नऊला आहे. आम्हांला रात्रीची गाडी गाठली पाहिजे, म्हणून चालकांनी ठेवलेल्या भोजनाला थांबता येत नाही, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.